पुस्तकातली दमणी

भाऊ, एका साप्ताहिकात तुझ्यावर दोन रकाने छापून आलेत. वहिनीनं ते कापून देवघरात ठेवलेत. रिठदला जन्म, वाशीमच्या कोर्टात नोकरी, चार कादंबऱ्या, शेवटी दम्यानं मृत्यू, सगळं बरोबर लिहिलंय. पुढे म्हटलंय की वऱ्हाडच्या काळ्या मातीनं तुला लिहितं केलं. ते वाचताना तू चष्मा कपाळावर सरकवून हसतोयस असंच मला वाटलं. "मातीतून कापूस येते, द्वारके. कादंबरी येत नाई."

त्या लेखकाला खरं काय ते कळवावं असं आधी मनात आलं. मग म्हटलं, त्याला काय करायचंय. जे सांगायचंय ते तुला सांगायचं आहे. तुझ्या तेराव्याला एक गोष्ट माझ्या कानावर आली, आणि तेव्हापासून मी शाळेत फळ्यावर एक लिहिते आणि तोंडानं दुसरंच बोलते. मुली एकमेकींकडे बघतात.

तुझं लिहिणं कुठून सुरू झालं ते मला ठाऊक आहे. तू कोर्टात नक्कलनवीस होतास. लोकांच्या जबान्यांच्या नकला करायच्या, हेच तुझं दिवसभराचं काम. एकदा संध्याकाळी तू घरी आलास आणि टोपी न काढताच माझ्यासमोर बसलास. त्या दिवशी कोणी एक बाई साक्षीला आली होती. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. बोलता बोलता ती रडली, मध्येच तिला तिची शेळी आठवली, सासूनं लपवलेली साखर आठवली, आणि कोर्टातले लोक हसले. "एवढं बोलली ती, द्वारके. अन् कागदावर उतरलं काय? 'विचारल्यावरून सांगते की नवऱ्यानं मला मारहाण केली.' बस. बाकीचं कुठी जाते?" तू हे मला विचारलंस, जसं काही ते मीच कुठे ठेवलं होतं. त्यानंतर तू जे जे लिहिलंस ते मला नेहमी त्या बाईचं 'बाकीचं' वाटत आलं. तू स्वतःही एकदा तसं म्हणाला होतास, पण कोणी परका विचारायला आला की सांगायचास, "सहज, हौस म्हणून लिहितो."

तुझ्या वाचण्याचीही मला भारी गंमत वाटायची. पोस्टातून पुस्तकाचं पार्सल आलं की तू आधी शेवटचं पान वाचायचास. वहिनी म्हणायची, "जेवाले बसून हात धुवाची घाई." तू म्हणायचास, शेवट ठाऊक असला की तिथपर्यंत माणसं कशी पोचली ते नीट बघता येतं. घोड्यावरचे नायक तुला नको असायचे. मला तेच हवे असायचे, गड, तलवारी, दिलेला शब्द पाळणारे सरदार. तू मला चिडवायचास, "तुह्या सरदाराले कधी सर्दी होते का वं?" बदलून गेलेल्या कोण्या गोऱ्या साहेबाच्या लिलावातून तू इंग्रजी कादंबऱ्यांचं खोकं आणलंस आणि दोन पावसाळे शब्दकोश मांडीवर घेऊन बसलास. त्यातली एक तू मला मराठीत सांगत गेलास. तीत एका म्हाताऱ्या बाईचं पूर्ण आयुष्य जातं आणि काहीच होत नाही. मी म्हटलं, यात आहे काय? तू म्हणालास, "तिनं खिडकी लावली ते पाह्यलं नाई तू?" मला आजही ती खिडकी नीट आठवत नाही. पण गोष्टीत असं काही बघायचं असतं हे मला तुझ्याकडूनच कळलं.

मला अक्षर तूच शिकवलंस. आसेगावहून, सासरहून, मी परत आले तेव्हा मायनं मला स्वयंपाकघरात बसवलं होतं. तू मला रिठदहून वाशीमला आणलंस, मराठी सातवीच्या फायनल परीक्षेला बसवलंस, मुलींच्या शाळेत चिकटवलंस. नातेवाईक तुझ्या तोंडावर बोलले. तू त्यांना काहीच उत्तर दिलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी आभाराचं काही म्हटलं नाही, कारण त्याच्याच शेजारी दुसरं एक दुखणं होतं, आणि एक बोलायला गेलं की दुसरं वर यायचं.

ते दुखणं म्हणजे शांता.

नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा मी घरात बोलले. माझ्यासारख्या बाईनं बोलायचं नसतं एवढं बोलले. मग मायच्या दुखण्याचं निमित्त करून मला चार दिवसांसाठी माहेरी धाडलं, आणि शांताला ताप आहे म्हणून ठेवून घेतलं. ती तीन वर्षांची होती. चार दिवसांचे महिने झाले. दुसरीला मूल होईना, तशी शांता त्या घरातलं एकुलतं लेकरू होऊन बसली, आणि माझ्या सासऱ्यांनी, गावच्या पाटलांनी, तिला हातची जाऊ दिली नाही.

मग आपण दोघं तिला आणायला निघालो. तू कोणाची तरी दमणी मागून आणली होतीस, छपराची, हलक्या चाकांची, पळणाऱ्या बैलांची. रस्ताभर तू मला सांगत होतास, तू काय बोलणार, ते काय बोलतील, मग तू काय बोलणार. मी गावाबाहेर निंबाखाली गाडीतच बसले. तू आत गेलास. पुष्कळ वेळ गेला. घर वेशीलगतच होतं, छपराच्या फटीतून मला ओटा दिसत होता. सासऱ्यांच्या मांडीशी शांता उभी होती, हिरवा परकर घालून. एकदा तिनं गाडीकडे पाहिलं. मग तू बाहेर आलास, एकटा. तोंडात पान होतं.

"काय म्हणले?"

"पोळ्यानंतर धाडतो म्हणले. चांगले बोलले. चहा केला."

तेव्हा खेड्यात चहा नवलाईचा होता. मी म्हटलं, "तू चहा पेला?"

तू बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलास. "घरात माणसं होती, द्वारके. तंटा करून लेकरू उचलता येत नाई."

पोळा गेला. पुढचेही गेले. पण सासरे अगदीच दगड नव्हते. त्यांनी निरोप धाडला की शेलूबाजारच्या बाजाराला ते अधूनमधून येतात, पोरीलाही आणतील, मी तिथे येऊन भेटावं. एका कापडवाल्याच्या दुकानात आम्ही बसायचो. ते पाठ फिरवून सुपारी कातरायचे, आणि मी शांताच्या हातात बांगड्या भरायची. ती मला आधी 'बाई' म्हणायची. मग हळूहळू 'माय' म्हणायला लागली. मी तिला शाळेत घाला म्हणाले, आणि त्यांनी घातलं. आठवड्याच्या बाजारावर, धुळीत आणि मिरचीच्या ठसक्यात, माझा संसार चालला होता. तेवढाही मला पुरत होता.

आणि तू कादंबरी लिहायला घेतलीस.

तुला आठवत असेल, तू लिहायचास आणि मी भाजी निवडायची. मध्येच थांबून विचारायचास, "इथं ती काय म्हणन?" मी म्हणायची, ती अशी अशी म्हणेल. तू जसंच्या तसं उतरवायचास. त्या कादंबरीतली बाई माझ्या बोलीत बोलते, माझ्या शिव्या देते, तिला लेकराच्या अंगाचा वास आठवतो तो मला आठवतो तसाच. मला ते आवडत होतं, भाऊ. कोणीतरी माझं ऐकून घेतंय, आणि पुसत नाहीये. रात्री अंथरुणावर जे नुसतं छातीत फिरायचं, ते सकाळी तुझ्या कागदावर ओळीनं बसलेलं असायचं.

पण तू जेव्हा म्हाताऱ्या पाटलाचं प्रकरण वाचून दाखवलंस, तेव्हा माझ्या हातातली भाजी हातातच राहिली. कोणी काही विचारलं की तो आधी अख्खी सुपारी कातरतो, मग अडकित्ता खाली ठेवतो, मग बोलतो. तोवर समोरच्याला ताटकळत ठेवतो. मी म्हटलं, "हे काढ. सारं आसेगाव ओळखन."

"गावाचं नाव बदललं ना मी."

"अडकित्ता बदल. त्याले तंबाखू खाऊ दे."

तू खरंच प्रयत्न केलास. दोन दिवस खोडत बसलास. मग म्हणालास, "नाई होत. अडकित्ता काढला का तो म्हातारा मरते. मंग बाकीचंही मरते."

"अन् शांता? तिचं काय होईन?"

तू म्हणालास, "पुस्तक वाचते कोण?"

पुस्तक आलं. तुझं नाव झालं. दूरदूरहून लोकांनी लिहिलं की शेवटचं प्रकरण वाचताना डोळ्यांना धार लागली. त्या प्रकरणात भाऊ दमणी घेऊन बहिणीच्या सासरी जातो, भर अंगणातून भाचीला उचलतो, आणि सगळ्यांच्या देखत घेऊन येतो. कोणी त्याला चहा देत नाही.

पुढच्या बाजाराला मी शेलूला गेले. कापडवाल्यानं बसायला पोतं टाकलं. दुपार झाली, दुकानदार कापडाची ठाणं गुंडाळायला लागले. आसेगावची एक बाई मिरच्या विकून परत निघाली होती, ती माझ्याजवळ थांबली. "पाटील नाई येत आता बाजाराले," ती म्हणाली. "तुह्या भावानं त्याईले पुस्तकात घातलं म्हणतात." त्यानंतरही मी जात राहिले. ते आले नाहीत. शांताही आली नाही.

तेव्हा जे भांडण झालं ते आपण कधी संपवलं नाही. तू म्हणालास, "मी तुह्यासाठीच लिहिलं." मी म्हणाले, "माह्यासाठी असतं तर मले वाचून दाखवलं असतं अन् ठेवून देलं असतं." तू म्हणालास, "जे मले तिथं करता आलं नाई, ते मी केलं." मी म्हणाले, "कुठी केलं? कागदावर? कागदावर तू लय शूर हायेस, भाऊ." वहिनी मधे पडली. तू उठून कोर्टात गेलास. मी शाळेत गेले. संध्याकाळी आपण एकाच पंगतीला बसलो, आणि तू मला म्हणालास, मीठ दे.

शांताचं लग्न झालं ते मला लग्न झाल्यावर कळलं. तुला मी सांगितलं तेव्हा तू पुस्तक मिटलंस. एवढंच. नंतर तू आणखी कादंबऱ्या लिहिल्यास, पण मला कधी विचारलं नाहीस, इथं ती काय म्हणेल म्हणून. त्यांतल्या बायका छान शुद्ध बोलतात. मी त्या वाचल्या, आणि तुला चांगल्या आहेत म्हणून सांगितलं.

लढाईनं कागद महाग झाला, तुझं छापणं बंद पडलं, आणि दम्यानं तुला धरलं. शेवटच्या दिवसांत तू उशांना टेकून बसायचास आणि मी तुला वाचून दाखवायची. माझ्या सरदारांचीही एक गोष्ट तू ऐकून घेतलीस, तक्रार न करता. एका दुपारी मला मध्येच थांबवून म्हणालास, "ते शेवटचं प्रकरण. चुकलं का गं माह्यं?" तुझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. वहिनी काढा घेऊन आली. मी म्हटलं, "आधी हे घे." तू घेतलास. मग पुन्हा विचारलं नाहीस, आणि चार दिवसांनी गेलास.

मी काय उत्तर देणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. आता तर त्याहून माहीत नाही.

तेराव्याला पानं उठत होती तेव्हा दारात एक बाई आली, कडेवर मूल, मागे नवरा. वहिनीनं विचारलं, "कोण वं तू, बाई?" ती म्हणाली, "आसेगावची शांता." मी तुळशीपाशी होते. मी तिला ओळखलं नाही, भाऊ. माझ्या डोळ्यांपुढे बांगड्या भरून घेणारी पोर होती, आणि ही तर माझ्याहून उंच. पाया पडली तेव्हा मला तिच्या डोक्यावर नेमका कुठे हात ठेवावा ते सुचेना.

बायका पांगल्यावर ती माझ्याजवळ बसली. मुलाला पाजत होती. म्हणाली, "मामाचं पुस्तक म्या वाचलं हाये."

मी म्हटलं, "कोणी देलं तुले?"

"आबानं." सासऱ्यांना ती आबा म्हणायची. "आबाले मोडी येत होती, छापील वाचता येत नव्हतं. कोणतरी त्याईले सांगतलं का तुमच्यावर लिहिलं म्हणून. त्याईनं ते मागवलं. वाचन कोण? मग मलेच बसवलं. रोज दुपारी दार लावून घेत, अन् मी वाचून दाखवत होती."

मी तिच्याजवळ सरकले.

"अडकित्त्याचं आलं तवा आबाचा हात थांबला. म्हणे, 'हा मीच का वं?' मी म्हणली, 'नाई आबा, हे दुसरं गाव हाये.' आबा म्हणे, 'मीच. वाच पुढं.' त्यातली ती बाई लेकरासाठी रडते ना, तथी ते म्हणत, पुन्हा वाच. मले ते तोंडपाठ झालं होतं. बाई बोले ते मले कोणाचं तरी वाटे, पण कोणाचं ते समजत नव्हतं."

"मंग?"

"मंग शेवटचं वाचलं. मामा दमणी घेऊन येते ते. आबानं पुस्तक माह्या हातातून घेतलं. मले वाटलं आता पुस्तक चुलीत घालतात. तर म्हणे, 'येऊ दे त्याले. मी आडवत नाई.' आजीले सांगून माह्या कपड्याचं गाठोडं बांधाले लावलं."

भाऊ, मी तिला विचारलं. मग ते बाजारात का आले नाहीत? तिला तिथे आणून माझ्या हातात का दिलं नाही?

"लाज वाटे त्याईले. म्हणे, त्या बाईपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू. तिचा भाऊ येईन. लिहिलं हाये त्यानं, तर येईनच." शांता लेकराच्या तोंडावरचा पदर सारखा करत होती. "गाडीचा आवाज आला का मी ओट्यावर पळत जाओ. त्या गाठोड्यातले कपडे मले लहान झाले. मग आजीनं ते सोडलं." मग तिनं वर पाहिलं. "माय, तुमी काहून नाई आले?"

मी म्हटलं, "आमाले ठाऊक नव्हतं."

"मामालेही नाई?"

"नाई."

"मंग त्यानं तसं लिहिलं कायले?"

मी तिला काय सांगू? ज्याला ओट्यावर बसून चहा नाकारता आला नाही, त्यानं घरी येऊन ते अंगण पुन्हा बांधलं, आणि त्यात स्वतःला आपल्याहून मोठं करून उभं केलं, हे? की माझा भाऊ कोर्टात ऐकलेलं बाकीचं साठवून ठेवायचा, त्यात माझंही होतं, हे? इतकी वर्षं मी तुझ्या त्या प्रकरणाला खोटं म्हणत आले. आणि ते एका छापील न वाचता येणाऱ्या माणसाला खरं वाटलं होतं. ज्याच्यासाठी ते लिहायला हवं होतं, नेमका त्यालाच. तू लिहिलेली गाडी आसेगावला पोचली होती, भाऊ. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. आपण इथे वाशीमात 'मीठ दे' यापलीकडे काही न बोलता जेवत होतो.

हे तुला ऐकायला मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा मी रोज विचार करते. तुला आनंद झाला असता असं सकाळी वाटतं. शाळा सुटेपर्यंत वाटायला लागतं की तू यानंच मेला असतास. तुझ्या पुस्तकानं माझी लेक माझ्यापासून तोडली असं मी धरून चालले होते. आता कळतं की त्यानं ती जवळजवळ आणली होती, आणि उरलेलं अंतर आपल्याला तोडता आलं नाही. यातल्या कशाबद्दल तुझ्यावर रागवायचं आणि कशाबद्दल तुझे पाय धरायचे, हे मला अजून वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी दुखतं.

शांताला मी एवढंच म्हटलं, "तो तुले आणाले आला होता एकदा. तू हिरवा परकर घातला होता."

ती म्हणाली, "मले नाई आठवत."

त्या रात्री ती राहिली. सकाळी तिचा नवरा बैल जुंपायच्या तयारीत असताना ती माझ्यापुढे पाठ करून बसली, केस मोकळे सोडून, आणि फणी मागे धरली.  तिच्या केसांना मी तिच्या तिसऱ्या वर्षानंतर हात लावला नव्हता. दाट आहेत, आपल्या मायसारखे, आणि मानेजवळ गुंता होतो. मी घाईघाईनं विंचरायला लागले, कोणी उठवून नेईल की काय अशी.

"हळू वं, माय," ती म्हणाली. "दुखते."